आफ्रिकेत बाहेरून आणलेली इलेक्ट्रिक एसयूव्ही घेताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी नैरोबीत राहते आणि चार वर्षांपासून विजेवरची गाडी चालवते. गणपतीत आरती संपून प्रसाद हातात आला की कुणीतरी बाजूला घेऊन विचारतंच, "ताई, इलेक्ट्रिक घ्यायची म्हणतोय, कोणती घेऊ?" कंपालातून, दार-ए-सलामहून, अदिस अबाबाहूनही फोन येतात. प्रश्न बहुतेक तेच असतात, म्हणून उत्तरं एकदा नीट लिहून काढली. मी गाडी केनियात चालवते, त्यामुळे बरीचशी उत्तरं केनियाच्या अनुभवातून आली आहेत. दुसऱ्या देशात नियम वेगळा असेल तिथे तसं लिहिलं आहे.

सरळ नाव सांगा ना, कोणती घेऊ?

नाव सांगते, पण शेवटी. आधी तीन गोष्टी ठरू द्या: स्टिअरिंग कोणत्या बाजूला हवं, चार्जिंगचं तोंड कोणतं हवं आणि बिघाड झाला तर तुमच्या शहरात ती उघडणार कोण. मॉडेलचा नंबर चौथा. लोक बरोबर उलट्या क्रमाने जातात. आधी फोटो बघून गाडी आवडते, मग ती बंदरात उतरल्यावर बाकीचे तीन प्रश्न उभे राहतात, आणि तोवर पैसे गेलेले असतात.

स्टिअरिंगचं एवढं काय? गाडी ती गाडी.

केनिया, युगांडा, टांझानिया, झांबिया, झिंबाब्वे, मलावी, मोझांबिक, बोत्सवाना, नामिबिया, दक्षिण आफ्रिका, मॉरिशस इथे भारतासारखीच रस्त्याच्या डाव्या बाजूने वाहतूक चालते. इथिओपिया, रवांडा, काँगो, नायजेरिया, घाना, इजिप्त, मोरोक्को इथे उजव्या बाजूने.

चीनमध्ये तिथल्याच ग्राहकांसाठी बनलेल्या स्वस्त गाड्यांची स्टिअरिंगं डावीकडे असतात. अदिसमधल्या मित्राने दोन वर्षांपूर्वी अमुक गाडी अमुक किमतीला घेतली हे ऐकून नैरोबीतला माणूस हळहळतो, पण ती गाडी इथल्या रस्त्यासाठी नाहीच. आपल्यासाठी उजव्या स्टिअरिंगच्या बाजारातूनच गाडी यायला हवी, म्हणजे ब्रिटन, जपान, ऑस्ट्रेलिया, थायलंड, हाँगकाँग किंवा भारत. ही एक चाळणी लावली की यादी निम्म्याने कमी होते आणि डोकं शांत होतं.

चार्जिंगचं तोंड म्हणजे नक्की काय? अडॅप्टर मिळतो ना?

हा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

इलेक्ट्रिक गाडी दोन प्रकारे चार्ज होते. घरी सावकाश, आणि रस्त्यावरच्या फास्ट चार्जरवर जलद. या दोन्हींची तोंडं देशागणिक वेगळी आहेत. युरोप, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, भारत इथल्या गाड्यांना घरगुती चार्जिंगसाठी टाइप २ आणि जलद चार्जिंगसाठी सीसीएस २ असतं. जपानी गाड्यांना सावकाश चार्जिंगसाठी टाइप १ आणि जलदसाठी चाडेमो. चीनमधल्या गाड्यांना त्यांचं स्वतःचं जीबीटी, तेही सावकाश आणि जलद दोन्हींसाठी वेगळं.

माझी पहिली इलेक्ट्रिक गाडी जपानहून आलेली, सेकंडहँड छोटी हॅचबॅक होती. ज्या एजंटकडून घेतली त्याने छातीठोकपणे सांगितलं होतं, फास्ट चार्जर सगळीकडे आहेत, काळजीच नको. पहिल्याच मोठ्या फेरीत नाकुरूहून परतताना बॅटरी १४ टक्क्यांवर आली. नैवाशाजवळच्या चार्जरवर पोचलो तेव्हा अंधार पडला होता. मी चार्जरची केबल उचलली. तिचं डोकं चांगलंच जड होतं, वर गोलसर भाग आणि खाली दोन जाड पिना. माझ्या गाडीचं झाकण उघडलं तर आत वाटीएवढं गोल तोंड. दोन्ही एकमेकांसमोर धरून मी कितीतरी वेळ नुसती उभी राहिले. मागच्या सीटवर मुलगी झोपली होती.

तिथल्या अस्कारीने, म्हणजे रखवालदाराने, न विचारताच आपल्या केबिनमधून वायर ओढून आणली. त्याच्या साध्या सॉकेटवर सहा तास गाडी लावली तेव्हा कुठे घाट चढून नैरोबीपर्यंत पोचण्याइतकी वीज भरली. त्याने चहाही दिला. तो माणूस मी विसरणार नाही आणि तो धडाही.

अडॅप्टर मिळतात. सावकाश चार्जिंगचे, म्हणजे टाइप २ वरून टाइप १ किंवा जीबीटीला जाणारे, साधे आणि बऱ्यापैकी भरवशाचे असतात. जलद चार्जिंगच्या अडॅप्टरचं तसं नाही. त्यातून शेकडो व्होल्टच्या दाबाने वीज जाते, गाडी आणि चार्जर यांना एकमेकांशी सतत बोलावं लागतं आणि त्या बोलण्याची भाषाही वेगळी असते. स्वस्तातला अडॅप्टर तापला तर नुकसान गाडीचं आणि तुमचं. म्हणून तुमच्या शहरातल्या चार्जरवर जाऊन आधी केबलचं डोकं डोळ्यांनी बघा, मोबाइलवर फोटो काढा आणि गाडी विकणाऱ्याकडून तिच्या उघड्या तोंडाचा फोटो मागवा. दोन्ही जुळले तरच पुढे बोला.

मग अदिसमध्ये सगळे जीबीटीच्या गाड्या कशा चालवतात?

कारण तिथे बहुतेक गाड्या चीनमधूनच आल्या, त्यामुळे घरगुती चार्जर आणि कारागीरही त्याच प्रकारचे तयार झाले. इथिओपियाने जानेवारी २०२४ मध्ये पेट्रोल-डिझेलच्या खासगी गाड्यांच्या आयातीवर बंदी घातली. इंधन बाहेरून डॉलर मोजून आणावं लागतं, वीज मात्र घरची आहे, धरणांवरची. नील नदीवरचं ५१५० मेगावॉटचं मोठं धरण सप्टेंबर २०२५ मध्ये औपचारिकपणे सुरू झालं. कर पूर्ण बांधलेल्या इलेक्ट्रिक गाडीला १५ टक्के, अर्धवट जोडलेल्या अवस्थेत आणलेल्या गाडीला ५ टक्के आणि पूर्ण सुट्या भागांत आणली तर शून्य, असा ठेवला. त्यामुळे अदिसच्या रस्त्यांवर फोक्सवॅगनची चीनमध्ये बनलेली आयडी ४, तीन रांगांची आयडी ६, टोयोटा बीझेड४एक्स, बीवायडी सर्रास दिसतात. त्यातली आयडी ६ तर चीनबाहेर कंपनीने विकायला काढलेलीच नाही.

तेव्हा अदिसमध्ये जीबीटी शहाणपणाचं आणि नैरोबीत डोकेदुखीचं. चांगलं-वाईट ठरवताना आपल्या गल्लीत काय आहे ते बघायचं.

जपानची जुनी घ्यावी की ब्रिटनची?

आपल्या पूर्व आफ्रिकेत पिढ्यान्‌पिढ्या जपानची सेकंडहँड गाडी घ्यायची सवय आहे आणि पेट्रोलच्या बाबतीत ती सवय चांगलीच होती. रेडिओची फ्रिक्वेन्सी वेगळी, स्क्रीनवर सगळं जपानीत, एवढंच सहन करायचं, बाकी इंजिन ठणठणीत. इलेक्ट्रिकमध्ये मात्र हिशोब बदलतो.

ब्रिटनहून आलेल्या गाडीचं स्टिअरिंग उजवीकडे, तोंड टाइप २ आणि सीसीएस २, स्क्रीन इंग्रजीत. एकच गोष्ट जुळत नाही, वेग मैलांत दिसतो, आणि तेही बहुतेक गाड्यांत सेटिंगमधून बदलता येतं. एमजी झेडएस, ह्युंदाई कोना, किया ई-नीरो या तिथल्या रस्त्यांवर रोज दिसणाऱ्या गाड्या आहेत, त्यामुळे सेकंडहँड बाजारात निवडीला वाव मिळतो. माझं मत स्पष्ट आहे: केनिया, युगांडा, टांझानियात जुनी इलेक्ट्रिक एसयूव्ही घ्यायची असेल तर आधी ब्रिटनकडे बघा. फक्त गाडीच्या खालची बाजू जरूर तपासून घ्या. तिथे हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात आणि गंज खालून चढतो.

वयाचा नियमही लक्षात ठेवा. केनियात आठ वर्षांपेक्षा जुनी गाडी आणता येत नाही. वर्ष मोजलं जातं ते पहिल्या नोंदणीचं, आणि दर १ जानेवारीला मर्यादा एका वर्षाने पुढे सरकते. डिसेंबरच्या अखेरीस जहाजावर चढवलेली गाडी जानेवारीत मोंबासाला पोचली आणि अडकली, असं व्हायला नको.

"शून्य किलोमीटर, पण कागदावर जुनी" अशी चिनी गाडी फार स्वस्त मिळतेय. काय भानगड आहे?

चीनमध्ये नवी गाडी आधी कुणाच्या तरी नावावर नोंदवतात आणि लगेच 'वापरलेली' म्हणून बाहेर पाठवतात. गाडी खरोखर नवी असते. अडचण पुढे येते. कंपनीने ती तुमच्या देशासाठी बनवलेली नसते, त्यामुळे वॉरंटी बहुधा चीनच्या हद्दीतच संपते. स्क्रीन चिनी, नकाशे चीनचे, मोबाइल ॲपला चीनचा फोन नंबर लागतो, सॉफ्टवेअर अपडेट येत नाही. १ जानेवारी २०२६ पासून चीनने इलेक्ट्रिक कार निर्यातीसाठी परवाना बंधनकारक केला आहे, तो अशाच बेभरवशाच्या निर्यातीला आळा घालण्यासाठी. विकणाऱ्याला विचारा, निर्यात परवाना कुणाच्या नावावर आहे आणि दुरुस्तीची जबाबदारी कुणाची. उत्तर द्यायला तो घुटमळला तर तुम्हाला तुमचं उत्तर मिळालं.

जाहिरातीत ५०० किलोमीटर लिहिलंय. खरंच जाते का?

एक उदाहरण देते. बीवायडीची अॅटो ३ ही गाडी चीनमध्ये युआन प्लस या नावाने मिळते. बॅटरी तीच, ६०.४८ किलोवॅट-तासांची. (एक किलोवॅट-तास म्हणजे विजेच्या बिलातलं एक युनिट, यापुढे मी युनिटच म्हणते.) चीनच्या चाचणीत ही गाडी ५१० किलोमीटर जाते, भारतातल्या चाचणीत ५२१ आणि युरोपातल्या चाचणीत ४२०. गाडी तीच, मोजायची पद्धत वेगळी. तेव्हा जाहिरातीतला आकडा बघताना तो कुठल्या चाचणीचा आहे ते विचारा आणि युरोपचाच आकडा धरा. त्यातूनही हायवेवर एसी लावून, माणसं-सामान भरून शंभरच्या वेगाने जायचं असेल तर आणखी पाचवा हिस्सा वजा करा. अॅटो ३ मध्ये मी ३३०-३४० धरून चालते.

नैरोबी ते मोंबासा एका चार्जमध्ये होईल?

अंतर सुमारे ४८० किलोमीटर, तेव्हा ६० युनिटच्या बॅटरीत नाही. मध्ये एक थांबा धरा, म्तितो अंदेईच्या आसपास. तसाही तिथे सगळेच चहाला थांबतात. निघण्याआधी चार्जरवाल्याला फोन करून मशीन चालू आहे ना आणि तोंड कोणतं ते विचारायचं, नुसत्या ॲपवर विसंबायचं नाही.

यात एक गंमत आहे जी जाताना कळत नाही, येताना कळते. नैरोबी समुद्रसपाटीपासून सुमारे १७०० मीटर उंच आहे आणि मोंबासा समुद्रकाठी. दोन टनांची गाडी १७०० मीटर वर उचलायला भौतिकशास्त्राच्या हिशोबाने सव्वानऊ युनिटच्या जवळपास वीज लागते, म्हणजे जवळजवळ ५० किलोमीटरची. जाताना तीच उतरणीवर वाचते. म्हणून जाताना लोक खूश होऊन फोटो पाठवतात आणि परतीला वोईच्या पुढे घाबरून फोन करतात. गाडी बिघडलेली नसते, फक्त चढ असतो. परतीचा हिशोब वेगळा करायचा, एवढंच.

उंचीवर आणि उन्हात गाडी कशी चालते?

उंचीवर उत्तम. साध्या पेट्रोल इंजिनाची ताकद दर हजार मीटरला सुमारे दहा टक्क्यांनी कमी होते, कारण हवा विरळ असते. मोटरला हवा लागत नाही. अदिस २३०० मीटरच्या वर आहे आणि तिथे हा फरक पायाखाली जाणवतो. किगालीच्या चढांवरही तसंच.

उन्हाचा प्रश्न बॅटरीच्या जातीचा आहे. एलएफपी, म्हणजे लोह-फॉस्फेटची बॅटरी, उष्णता आणि वारंवार चार्जिंग चांगलं सोसते, आणि आठवड्यातून एकदा तरी ती पूर्ण भरावी असंच कंपन्या सांगतात. निकेलच्या एनएमसी बॅटरीत तेवढ्याच वजनात जास्त वीज मावते, पण रोजच्या वापरात ती ८० टक्क्यांपर्यंतच भरलेली बरी. अॅटो ३ मध्ये एलएफपी आहे, कोनामध्ये एनएमसी. मोंबासा, दार-ए-सलाम, जिबूतीसारख्या दमट-उष्ण ठिकाणी राहत असाल तर मी एलएफपीकडे झुकेन. आणि कुठेही राहत असा, बॅटरी द्रवाने थंड करण्याची सोय असलेलीच गाडी घ्या. नुसत्या हवेवर थंड होणाऱ्या बॅटऱ्या गरम प्रदेशात लवकर म्हाताऱ्या होतात.

नाव एसयूव्ही आहे, पण कच्च्या रस्त्यावर चालेल का?

नावावर जाऊ नका. यातल्या बहुतेक गाड्यांना दोनच चाकांना ताकद मिळते. अॅटो ३ पुढच्या चाकांवर चालते, आयडी ४ बहुतेक वेळा मागच्या. चारही चाकांची बीझेड४एक्स मिळते, पण ती तशी मुद्दाम शोधावी लागते.

कितेंगेला, स्योकिमाउ, अथी रिव्हर या भागात जे राहतात त्यांना मी वेगळं सांगायला नको. तिथे काळी कापसाची माती आहे. विदर्भ-मराठवाड्यात वाढलेल्या माणसाला ती बघताक्षणी ओळखू येते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा आणि पहिल्या पावसात पायाला मण मण चिकटणारा चिखल. इलेक्ट्रिक गाडी जड असते आणि मोटरचा जोर एकदम येतो, त्यामुळे या मातीत चाक जागच्या जागी फिरायला लागलं की गाडी खोल रुततच जाते. माझ्या ओळखीच्या एका घरी घर ते डांबरी रस्ता हे ७०० मीटर अंतर पावसाळ्यात रोजची परीक्षा होती. त्यांनी शेवटी शेजाऱ्यांबरोबर वर्गणी काढून मुरूम टाकून घेतला. गाडी बदलण्यापेक्षा ते स्वस्त पडलं.

जमिनीपासूनची उंची कागदावर रिकाम्या गाडीची असते. अॅटो ३ ची १७५ मिलिमीटर लिहितात, चार माणसं बसली की ती कमी होते. बॅटरी तळाशी असते, म्हणून इथले रंग न दिलेले उंच स्पीडब्रेकर जास्त छळतात. चाचणीला जाताना मी चार मोठी माणसं बसवते आणि गाडी आपल्याच गल्लीच्या स्पीडब्रेकरवरून नेते. घासल्याचा आवाज आला की विषय संपला. सोबत बॅटरीखाली चांगला पत्रा आहे का तेही वाकून बघा. बऱ्याच गाड्यांत स्टेपनी नसते, पंक्चर दुरुस्तीची बाटली असते. ती लांबच्या रस्त्यावर पुरत नाही, स्टेपनी वेगळी घ्या.

२०२४ च्या एप्रिल-मे मधला नैरोबीचा पूर इथे कुणी विसरलेलं नाही. बॅटरीचा डबा पाणबंद असतो, पण त्याचा अर्थ गाडी ओढ्यात घालावी असा नाही. पाण्यात बुडून आलेली गाडी स्वस्त दिसली तरी घेऊ नका.

घरी चार्जिंगला काय लागतं? लाइट गेली तर?

आपलं १३ अँपिअरचं साधं सॉकेट तासाला सव्वादोन युनिटच्या आसपास देतं. ६० युनिटची बॅटरी रिकामी ते भरलेली व्हायला एक दिवस आणि वर काही तास. पण रोज कुणी बॅटरी रिकामी करून येत नाही. दिवसाला ४० किलोमीटर चालवणाऱ्याला आठ युनिट लागतात, रात्रभरात भरून होतात. सात किलोवॅटचा भिंतीवरचा चार्जर असेल तर पूर्ण बॅटरी नऊ तासांत. अर्थिंग मात्र आधी इलेक्ट्रिशियनकडून मोजून घ्या. भाड्याच्या जुन्या घरांत ते नुसतं नावाला असतं, आणि मग गाडी चार्जच घेत नाही किंवा सॉकेट काळं पडतं.

अपार्टमेंटमध्ये राहत असाल तर गाडीच्या आधी सोसायटीची लेखी परवानगी घ्या. तोंडी "हो हो" वर गाडी मागवून नंतर पार्किंगमध्ये भांडणं झालेली मी पाहिली आहेत.

स्टिमा जाते, म्हणजे लाइट, हे खरं आहे. पण गाडीची बॅटरी हीच मोठी साठवण असते. दोन दिवस लाइट नसली तरी शहरातली फेरी अडत नाही. ज्या गाड्यांत बाहेर वीज काढायची सोय आहे, अॅटो ३ मध्ये ती आहे, त्यातून फ्रिज आणि दिवे चालतात. घरावर सोलर असेल तर दुपारी गाडी त्यावर लावा, यासारखं सुख नाही. नायजेरियासारख्या ठिकाणी, जिथे घर बराच वेळ जनरेटरवर चालतं, तिथे मात्र सोलरशिवाय इलेक्ट्रिकचा विचार करू नका.

पैसे खरंच वाचतात का?

माझ्या घरच्या बिलात सगळे कर धरून युनिट साधारण ३० शिलिंगला पडतं. चार्जिंगमधली गळती धरून १०० किलोमीटरला २० युनिट, म्हणजे किलोमीटरला सहा शिलिंग. पेट्रोल १८० शिलिंग लिटर धरलं आणि एसयूव्ही लिटरला दहा किलोमीटर, म्हणजे किलोमीटरला १८. महिन्याला हजार किलोमीटर चालवणाऱ्याचे १२,००० वाचतात. केनियात २०२३ पासून ई-मोबिलिटीसाठी वेगळा वीजदर आहे, त्यात रात्रीचा दर दिवसाच्या निम्मा. त्यासाठी स्वतंत्र मीटर लागतं. टॅक्सीवाल्याला ते नक्की परवडतं, घरगुती एका गाडीला हिशोब करून बघा. मला यात आणखी एक समाधान आहे: केनियाची जवळपास नव्वद टक्के वीज ओल्कारियाची जमिनीखालची वाफ, नद्या, वारा आणि ऊन यांतून येते.

आयातीचे कर किती?

केनियात कस्टमने धरलेल्या गाडीच्या किमतीवर आधी आयात शुल्क लागतं. त्या बेरजेवर इलेक्ट्रिकला १० टक्के एक्साइज. या सगळ्यावर १६ टक्के व्हॅट. आयात फॉर्मची फी आणि रेल्वेचा कर वेगळा. १५०० सीसीच्या वरच्या पेट्रोल गाडीला एक्साइज २५ टक्के असते. लक्षात घ्या, जुन्या गाडीची किंमत कस्टम तुमच्या पावतीवरून धरत नाही, स्वतःच्या यादीवरून वयाची घट वजा करून धरतं. त्यामुळे गाडी स्वस्त मिळाली म्हणून कर कमी होत नाही. दर जूनच्या बजेटनंतर हे आकडे पुन्हा तपासा.

रवांडाने २०२१ पासून इलेक्ट्रिक गाड्यांना आयात शुल्क, व्हॅट, एक्साइज यांतून सूट दिली, म्हणून किगालीत त्या वेगाने वाढल्या. दक्षिण आफ्रिकेत सामान्य ग्राहकाला जुनी गाडी आयातच करता येत नाही, बाहेरून आणायची तर नवीच, आणि तिथे इलेक्ट्रिकवर २५ टक्के शुल्क आहे तर युरोपातून येणाऱ्या पेट्रोल गाडीवर १८.

भारतातून आणता येईल का? पुण्यात एवढ्या बनतात.

मनातला प्रश्न! तांत्रिकदृष्ट्या भारतीय गाडी आपल्याला चपखल बसते: स्टिअरिंग उजवीकडे, टाइप २ आणि सीसीएस २, ऊन-धूळ-खड्ड्यांची सवय. टाटा नेक्सॉन रांजणगावला बनते, महिंद्राच्या बीई ६ आणि एक्सईव्ही ९ई चाकणला. टाटाने २०२५ मध्ये मॉरिशसला टियागो, पंच आणि नेक्सॉनच्या इलेक्ट्रिक आवृत्त्या अधिकृतपणे आणल्या. तिथल्या आपल्या मराठी मंडळींना, ज्यांचे पणजोबा-खापरपणजोबा कोकणातून गेले, आता महाराष्ट्रात बनलेली गाडी शोरूममधून घेता येते याचा मला फार आनंद झाला. सुझुकीची ई-विटारा गुजरातच्या हंसलपूरमध्ये बनते, ऑगस्ट २०२५ मध्ये तिथून निर्यात सुरू झाली आणि शंभरावर देशांत पाठवायचा बेत आहे.

पण एकट्याने भावाच्या नावावर गाडी घेऊन न्हावाशेवाहून मोंबासाला पाठवायचा विचार करत असाल तर थांबा. वॉरंटी आणि सुटे भाग अधिकृत विक्रेत्यामुळे मिळतात. तो तुमच्या देशात येईपर्यंत वाट बघण्यात शहाणपण आहे.

जुन्या गाडीची बॅटरी कशी तपासायची?

किलोमीटरचा आकडा मागू नका, बॅटरीच्या तब्येतीचा अहवाल मागा, निदान यंत्राला जोडून काढलेला, तारखेसह आणि त्यात चासी नंबर दिसेल असा. ८५ टक्क्यांच्या खाली असेल तर किमतीत ते दिसलं पाहिजे. गाडी हातात आली की स्वतःही ताडा: बॅटरी १० टक्क्यांवर आणा, पूर्ण भरा आणि चार्जरवर किती युनिट गेले ते बघा.

दुसरं, रिकॉल, म्हणजे दोष निघाला म्हणून कंपनीने गाड्या दुरुस्तीला परत बोलावणं. ह्युंदाईने २०२१ मध्ये आगीच्या धोक्यामुळे जुन्या कोना इलेक्ट्रिकच्या बॅटऱ्या बदलून दिल्या. टोयोटाने २०२२ मध्ये बीझेड४एक्सच्या चाकांचे बोल्ट सैल होतात म्हणून गाड्या परत बोलावल्या. कंपनीने चूक मान्य करून दुरुस्त करणं चांगलंच. प्रश्न असा की तुमची गाडी ते काम होण्याआधीच देशाबाहेर पडली का? चासी नंबर टाकून कंपनीच्या संकेतस्थळावर हे पाच मिनिटांत कळतं. ही पाच मिनिटं वाचवू नका.

बिघडली तर आपला नेहमीचा फुंडी, म्हणजे मेकॅनिक, करेल का?

ब्रेक, सस्पेन्शन, टायर, एसीचा गॅस, हे तो करेल. केशरी वायरींना मात्र कुणालाही हात लावू देऊ नका. त्या उच्च दाबाच्या आहेत, जीव जाऊ शकतो. गाडी एकदम बंद पडली, दारंही उघडेनात, तर बहुतेक वेळा दोष छोट्या १२ व्होल्टच्या बॅटरीचा असतो. महिनाभर बंदरात उभी राहिलेली गाडी अशीच 'मेलेली' सापडते. घाबरू नका, ती बॅटरी चार्ज केली की गाडी जागी होते.

विमा?

स्वाहिलीतही त्याला 'बिमा'च म्हणतात, आणि गाडीला 'गारी'. कागदावर बॅटरीला खालून झालेलं नुकसान समाविष्ट आहे असं स्पष्ट लिहून घ्या. समुद्रप्रवासाचा विमा वेगळा घ्या. जून २०२५ मध्ये मॉर्निंग मिडास हे गाड्यांनी भरलेलं जहाज चीनहून मेक्सिकोला जाताना पॅसिफिकमध्ये पेटलं आणि बुडालं.

बरं, आता तरी नाव सांगा.

नैरोबी, कंपाला, दार-ए-सलाममध्ये नवी घ्यायची ऐपत असेल तर तुमच्या शहरात अधिकृत विक्रेता आणि वर्कशॉप असलेली अॅटो ३ किंवा तिच्या तोडीची एलएफपी बॅटरीची गाडी. विक्रेता नसेल तर अॅटो ३ सुद्धा नाही. जुनी घ्यायची तर ब्रिटनची एमजी झेडएस किंवा २०२१ नंतरची कोना, रिकॉल तपासून. अदिसमध्ये ज्या मॉडेलच्या सर्वांत जास्त गाड्या तुमच्या गल्लीत दिसतात तीच, कारण सुटे भाग तिचेच मिळतील. किगालीत अधिकृत आयात झालेली. मॉरिशसमध्ये नेक्सॉन चालवून बघा. रोज कच्च्या रस्त्याने शेतावर जायचं असेल तर आज यातली कुठलीच नको, आहे ती डिझेल अजून दोन वर्षं चालवा.

गाडी बंदरातून सोडवताना काय बघायचं?

स्वतः जा, क्लिअरिंग एजंटवर सोडू नका. डिकीतली चार्जिंग केबल आहे ना ते पहिल्यांदा बघा, प्रवासात सर्वांत आधी तीच नाहीशी होते. दोन्ही किल्ल्या घ्या. आधीच्या मालकाने ॲपमधून गाडी काढून टाकली आहे का विचारा, नाहीतर लंडनमध्ये बसलेला माणूस तुमच्या गाडीचं कुलूप उघडू शकेल. बॅटरी किती टक्के आहे त्याचा स्क्रीनसकट फोटो काढा. आणि मोंबासाहून चालवत आणणार असाल तर आधी तिथेच पूर्ण भरा, नैरोबीपर्यंत सगळा चढ आहे.